डावा जास्त खोल

“या कोपऱ्यात गम लावायचा नाही,” कुसुमकाकू म्हणाल्या. “ही बाजू मला उचलता आली पाहिजे.”

मी त्यांच्या खोलीतल्या कोब्यावर गुडघे टेकून प्लॅस्टिकचा कागद चिकटवत होतो. हातभर चौकोनी कागद, चारी बाजूंनी पट्टी. रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी बघायचं, आतून घाम आलाय का. कोबा वरून कितीही कोरडा दिसला तरी पोटात ओल असू शकते. माणसासारखंच, झाकल्यावर कळतं. हे वाक्य मी तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचो. काकूंना ऐकवलं नाही. त्यांचं लक्ष कागदाकडे नव्हतंच.

“उचलायला कशाला, काकू? झाडायचं असेल तर वरूनच झाडता येतं.”

“झाडायला नाही.”

“मग?”

“सांगितलं तेवढं कर की, दस्तगीर.”

मी दस्तगीर पिंजारी. आमच्या वडिलांनी सांगलीत चाळीस वर्षं कापूस पिंजला, गाद्या भरल्या. माझ्या वाट्याला फोम आणि गालिचे आले. गादी पलंगावरून जमिनीवर उतरली, एवढाच फरक. ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची, माझ्या तिशीतली. तेव्हा गालिचा म्हणजे हॉटेल, डॉक्टरची केबिन, फार तर एखाद्या साहेबाची बैठक. घरात, तेही साध्या सिमेंटच्या कोब्यावर, कुणी घालून घेत नसे. म्हणून माधवनगर रस्त्याचे मगदूम अण्णा दुकानात आले आणि “दहा बाय चौदा, भिंत ते भिंत, खाली जाड पॅडिंग” असं एका दमात म्हणाले, तेव्हा मी आधी त्यांनाच वरपासून खालपर्यंत मोजून घेतलं. खोली मोजण्याआधी माणूस मोजायचा, ही माझी खोड.

अण्णा मोजायला सोपे वाटले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. उसाची गाडी नुसती लांबून बघून वजन सांगायचे आणि काटा मागाहून त्यांना दुजोरा द्यायचा, अशी त्यांची ख्याती. बोलणं काट्याच्या पावतीसारखं. आकडा आला की संपलं.

“एवढं जाड पॅडिंग कशाला, अण्णा? कोण नाचणार हाय काय त्यावर?” मी आपली थट्टा केली.

“हिचे गुडघे धरलेत. रोज संध्याकाळी त्या खोलीत गार कोब्यावर जाऊन बसते. डॉक्टर नको म्हणतात. ऐकत नाही.” अण्णांनी चष्मा पुसला. “तिला हलवता येत नाही. म्हटलं, जमीन बदलू.”

“घरात दुसरी खोली नाही?”

“आहेत की.”

“मग तिथंच का?”

“बसते,” अण्णा म्हणाले. पावती संपली.

खोली घराला लागून होती, पण तिचं दार बाहेरून. कधीतरी गाडी घेऊ म्हणून बांधलेली, गाडी काही आली नाही. आत पूर्वेला एक खिडकी, भिंतीला दोन खुंट्या आणि एक चटई. बाकी काही नाही. एवढी रिकामी खोली मी सांगलीत दुसरी बघितली नाही. लोकांची घरं जुनी रद्दी आणि लग्नातली भांडी यांनी तुंबलेली असतात. चटई मात्र खिडकीखालच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं एकाच जागी असावी, कारण तिच्याखालच्या कोब्याचा रंग वेगळा होता. काकू इथं बसून जपमाळ ओढत असतील, असा मी हिशेब केला.

त्या चटईच्या कडेलाच एक खड्डा होता आणि सरळ रेषेत पलीकडे दुसरा. दोन्ही लांबट, काठाला गुळगुळीत, तळाशी बारीक चिरा. मी पट्टी लावली आणि वहीत लिहिलं. माझी मापवही लाल पुठ्ठ्याची. तिच्यात लांबी-रुंदी असते आणि जमिनीच्या सगळ्या खोडी असतात. वडील म्हणायचे, गादी भरण्याआधी झोपणाऱ्याची पाठ बघ. मी जमिनीची पाठ बघतो आणि लिहून ठेवतो. अशा अकरा वह्या आहेत माझ्याकडे. त्यांतलं एकच पान फाटलेलं आहे.

मी लिहीत होतो तोवर काकू दारात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट.

“खाली काही करत नाही ना तुम्ही लोक?” त्यांनी विचारलं.

“काही नाही, काकू. अंथरायचं फक्त.”

आमच्या धंद्यात असंच सांगतात. घासणं, पुसणं, भरणं, पट्ट्या ठोकणं हे सगळं सांगत बसलं की गिऱ्हाईक घाबरतं, नको म्हणतं. आधी होकार घ्यायचा, मग काम करायचं.

“मग हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “नांदणीला भाचीचं डोहाळजेवण आहे. परवा दुपारी येते. तो कोपरा तेवढा लक्षात ठेव.”

“उचलता आला पाहिजे. ठेवला लक्षात.”

बाहेर आल्यावर नबीलालने मला कोपराने ढोसलं. नबीलाल माझा थोरला चुलतभाऊ. गालिच्याचा गठ्ठा एकट्याने खांद्यावर घेई आणि कुठलंही काम टाळायचं कारण दुसऱ्या खांद्यावर तयार ठेवी.

“कोपरा उघडा पाहिजे म्हणं. काय आसंल रं तिथं?”

“बायकांचा एक कोपरा असतोच, नबीभाई. नवऱ्याला न दिसणारा. तुझ्या घरात नाही?”

“माझ्या घरात मीच बायकोला न दिसणारा हाय,” नबीलाल म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो.

मी मनात नोंद करून टाकली होती. काकूंना काहीतरी लपवायचंय, डबी किंवा चिठ्ठ्या, आणि ती जागा गालिच्याखाली गेली तरी हाताला लागायला हवी. माणूस वाचता येतो, असा मला फार गर्व होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद कोरडा निघाला. काकू पहाटेच्या गाडीने गेल्या होत्या. आम्ही कोबा घासला, पुसला. मी पोत्यातून सिमेंट काढलं तसा नबीलाल खाली बसला.

“ते कशाला?”

“खड्डे भरायला.”

“आरं, दहा एमएमचं पॅडिंग पडणार हाय वर. खड्डा झाकून जातोय. कोण बघतंय गालिच्याखाली?”

“पाय बघतो,” मी म्हणालो. “आज झाकेल. दोन वर्षांनी पॅडिंग तिथं बसेल, गालिचा पोकळ होईल, पाय अडखळेल. गुडघे दुखणाऱ्या बाईसाठी आहे काम.”

“तू लेका धंद्यापायी मरणार.”

तरी मी अण्णांना विचारलं. गिऱ्हाइकाला विचारून केलेलं काम आपलं राहत नाही, ही शहाणपणाची गोष्ट मला तेव्हाही ठाऊक होती. अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते.

“अण्णा, दोन खड्डे आहेत कोब्यात. भरून घेऊ?”

त्यांनी पेपर खाली ठेवला. उठून आत गेले. तांब्याभर पाणी घेऊन आले, उभ्यानेच प्यायले, तांब्या कठड्यावर ठेवला. मूठभर सिमेंटसाठी एवढा विचार करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे ‘चिकट’ असंही लिहून टाकलं.

“भरा,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, मी वळलेलो असताना, “नीट भरा.”

मी नीट भरले. आधी तळातली धूळ ब्रशने काढली, पाणी मारलं, चिरांत पातळ माल सोडला, मग घट्ट माल दाबून बसवला. थापीनं समतल केलं, ओल्या फडक्यानं काठ पुसले. खड्डा कुठून कुठवर होता हे शोधून सापडलं नसतं. वाळल्यावर वर बाटली आडवी ठेवली. ती हलली नाही. नबीलालसुद्धा म्हणाला, “काम बाकी तुझंच.”

तिसऱ्या दिवशी पॅडिंग पसरलं, सांधे टेपने जोडले, गालिचा उलगडला. निळसर करडा रंग, अण्णांनी निवडलेला. गालिचा ताणण्याचं हत्यार गुडघ्यानं ढकलायचं असतं. एक टोक गालिच्यात रुततं, दुसऱ्या टोकावर गुडघा हाणायचा, इंच इंच करत भिंतीपर्यंत न्यायचं. या धंद्यात माणसाच्या आधी त्याचे गुडघे म्हातारे होतात. तीन भिंतींना पक्कं बसवलं. खिडकीखालचा कोपरा मात्र सुटा ठेवला आणि मला सुचलं म्हणून त्याच्या टोकाला खालून एक कापडी जीभ शिवली. काकूंना नखानं उचकटायला लागू नये. कुणी सांगितलं नव्हतं. माझी आपली हौस.

काकू चारच्या सुमारास आल्या. हातात पिशवी, दंडापर्यंत हिरव्या बांगड्या, डोहाळजेवणात भरलेल्या.

“झालं का?”

“या, काकू. बघा तरी.”

त्यांनी चपला बाहेर काढल्या. पहिलं पाऊल रुतलं तसा भिंतीला हात लावला, होडीत चढल्यासारखा. “मऊ आहे,” म्हणाल्या. अण्णा दारात उभे होते. बायकोच्या पावलांकडे असे बघत होते की मला वाटलं, आता वजन सांगतील.

“आणि हा तुमचा कोपरा,” मी जीभ दाखवली. “गम नाही. ओढलं की उठतं.”

त्या हळूहळू खाली बसल्या. एक गुडघा, मग दुसरा. गालिचा उचलला, पॅडिंग उचललं आणि हात आत घातला. बघत होत्या खिडकीबाहेर. अंधारात देवळीतली काडेपेटी घ्यावी तसा तो हात न चाचपडता एका जागी गेला.

तिथं थांबला. मग थोडा पुढे सरकला. मग मागे. मग गोल फिरायला लागला.

मी नबीलालकडे बघून डोळा मारला. सांगायला नको वाटतं, पण मारला.

“सापडेना काय, काकू?”

“इथं होतं.”

“काय होतं?”

“खड्डा होता.”

“तो होय.” मी पुढे झालो. “तो भरला की. दोन्ही भरले. आता वर पाण्याचा थेंब ठेवा, वाहणार नाही.”

हात थांबला. पण त्यांनी तो बाहेर काढला नाही.

“तू म्हणालास, खाली काही करत नाही. अंथरायचं फक्त.”

मी खरं तेच सांगितलं. “अण्णांना विचारलं होतं.”

काकूंनी अण्णांकडे बघितलं नाही. माझ्याकडेच बघत राहिल्या. दारातून अण्णांचाच आवाज आला.

“मी म्हटलं, भरा.”

“तुम्ही.”

“त्याला मीच म्हणायचो ना. माझा कोबा फोडलास, भरून दे. तो म्हणायचा, राज्याचं पदक आणतो, मग भरतो.” अण्णांचं इतकं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. “मिस्त्री म्हणाला, भरू का. म्हटलं, त्याच्या अंगावरचं तेवढं एक काम राहिलंय. होऊन जाऊ दे.”

“मला विचारायचं होतं.”

“तू गेली होतीस.”

“आज येणारच होते. नांदणीला गेले होते. मरायला नव्हते गेले.”

खोलीत पॅडिंग असलं की आवाज घुमत नाही. जिथल्या तिथं पडतो. ते वाक्य तसंच पडून राहिलं.

“कोण, काकू?” मी विचारलं.

“भरतेश. आमचा मुलगा,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, पाहुण्याला घरातली माणसं सांगावीत तसा. “वजनं उचलायचा. तालमीत सकाळी आणि इथं संध्याकाळी. डोक्यावर नेऊन खाली सोडायचा. खाली पोतं घालायचा, पण पोत्यानं काय होतंय. सहा वर्षं. मी आत भाकरी थापत असले की परातीतलं पीठ हलायचं. मग कळायचं, गेलं वर. बेळगावहून स्पर्धा करून येताना जीप उलटली. पाच वर्षं झाली.”

नबीलालने डोक्यावरची टोपी सारखी केली आणि खाली बघितलं.

“वजनं यांनी तालमीला दिली. कपडे आश्रमात दिले. बूट शेजारच्या पोराला दिले. मी कशाला नाही म्हटलं नाही. घेणारा समोर उभा असला की देऊन होतं.” त्यांनी हात बाहेर काढला. बोटांना सिमेंटची पांढरट भुकटी लागली होती. “हे तेवढं कुणाला देता येण्यासारखं नव्हतं.”

“काकू,” मी म्हणालो, “माल अजून कच्चा आहे. माझ्याकडे छिन्नी आहे. तासाभरात काढून देतो. होता तसा.”

“काढशील तू. हात चांगला आहे तुझा.” त्यांनी पॅडिंग खाली सोडलं, त्यावर गालिचा सोडला, सुरकुती तळव्यानं सारखी केली. “पण मग तो तुझा खड्डा होईल, दस्तगीर.”

नबीलाल हत्यारं गोळा करायला लागला, एकेक, आवाज न करता. अण्णा दारातच होते. आत येत नव्हते, जातही नव्हते. मी थापी पुसत होतो. स्वच्छ होती, तरी पुसत होतो.

“त्या दिवशी तू पट्टी लावून काहीतरी लिहीत होतास,” काकू म्हणाल्या.

“हो.”

“ते बघू.”

मी वही काढून पान उघडून दिलं. माझं अक्षर बरं नाही. काकूंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. ओठ हलत होते. वर खोलीची मापं होती, दक्षिणेची भिंत अर्धा इंच तिरकी आहे हे होतं. त्याखाली:

‘खड्डे दोन, खिडकीसमोर. अंतर साडेचार फूट. लांबी वीतभर, रुंदी चार बोटं. उजवा पाऊण इंच. डावा जास्त खोल, सव्वा इंच. भरणे.’

एका जागी ओठ थांबले.

“डावा जास्त खोल,” त्या म्हणाल्या. “हे तुला दिसलं.”

“मापच आहे ते, काकू.”

“लहानपणी आंब्यावरून पडला होता. डावा खांदा निखळला होता. वजन खाली सोडताना ती बाजू आधी सुटायची त्याची. वस्ताद ओरडायचे, दोन्ही हात बरोबर सोड म्हणून. त्याला जमलं नाही कधी.” मग त्या पहिल्यांदा दाराकडे वळल्या. “तुम्हाला ठाऊक होतं?”

अण्णांनी मान हलवली, नाही म्हणून. गाडी बघून उसाचं वजन सांगणारा माणूस. ते आत आले. पायांत चपला तशाच होत्या, नव्या गालिच्यावर. खाली बसायला त्यांना वेळ लागला. काकूंच्या शेजारी, त्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून बसले.

“चष्मा ओट्यावर राहिला,” ते म्हणाले. “काय लिहिलंय?”

“डावा जास्त खोल,” काकूंनी वाचलं. “सव्वा इंच.”

“सव्वा इंच,” अण्णा म्हणाले. काट्यावर आकडा ओरडला की लिहिणारा तो पुन्हा म्हणून पक्का करतो, तसे.

मी वही मागितली. काकूंनी ती लगेच पुढे केली; त्यांना वाटलं, मी निघालो. मी पान शिवणीपासून सावकाश फाडलं, पट्टी लावून, कडा सरळ येईल असं, आणि त्यांच्या हातात दिलं. वहीचं पान मी कधी फाडत नाही, हे नबीलालला ठाऊक होतं.

गठ्ठ्याचा उरलेला तुकडा खांद्यावर टाकून मी दारातून एकदा मागे बघितलं. काकू ते पान अण्णांना पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवत होत्या, खोलीच्या मापापासून, तिरक्या भिंतीपासून. शेवटच्या ‘भरणे’ या शब्दावर त्यांनी अंगठा ठेवला होता.